आकाशपाळण्याखालचं नाव

“आणि नूसा मॅडम कशा आहेत?” चहावाल्याने विचारलं.

शहीराच्या हातातला पेला बशीवर तिरका टेकला आणि थोडा चहा सांडला. तोवर सगळं साधं चाललं होतं. आकाशपाळण्याच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. नवरा हाझिम तिला तिथे सोडून बूट बदलायला खोलीवर गेला होता. तिने चहा सांगितला, आणि चहा झाल्यावर हाक मारता यावी म्हणून चहावाल्याने नाव विचारलं. ती सवयीने ‘वहदान’ म्हणाली. वहदान हे तिच्या वडिलांचं नाव. घराबाहेर आपलं नाव वाटेवर टाकून द्यायचं नाही, कुणी विचारलं तर माझं सांग, असं त्यांनी तिला लहानपणी शिकवलं होतं. आता तिची चाळिशी आली, स्वतःची मुलगी आठ वर्षांची झाली, तरी शिंप्याकडे, औषधाच्या दुकानात तिच्या तोंडून आधी तेच नाव बाहेर पडायचं. वहदान नावाची माणसं काही रोज भेटत नाहीत. चहावाला हातातली किटली तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला होता. “आमचे वहदान उस्ताज? सोहाग गावचे, भूगोलाचे मास्तर? तरीच म्हटलं हे कपाळ कुठे पाहिलंय. मुलगी ना तुम्ही त्यांची? मी सलामा. कसे आहेत ते? बरेच दिवसांत आले नाहीत.” ती म्हणाली, बरे आहेत. वडील उन्हाळ्याच्या शेवटी गेले होते आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी होऊन आठवडाही झाला नव्हता. तरी ती बरे आहेत म्हणाली, कारण अनोळखी माणसाला मरण सांगायचं म्हणजे त्याचं सांत्वन ऐकायचं, आणि सांत्वन ऐकून तिचे कान दुखायला लागले होते. आणि त्यावर सलामाने नूसा मॅडमची चौकशी केली.

“त्याही बऱ्या आहेत,” शहीरा म्हणाली.

“बऱ्या असणारच. अशी माणसं आजारी पडत नाहीत. हा खांब दिसतो ना, इथे उभे राहायचे उस्ताज. बिनसाखरेचा चहा, पुदिना जास्त. आणि काय हाका मारायचे हो. नूसाऽ, नूसाऽ. सगळी बाग वळून बघायची. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बघ, नवरा असा असतो. ती म्हणाली, मग आण की त्याला घरी.” तो एकटाच हसला. मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

शहीराच्या आईचं नाव इन्शिराह होतं.

ती पेला घेऊन कठड्याशी जाऊन उभी राहिली. शाळा सुरू झालेल्या होत्या, त्यामुळे झुमुरुदा बागेत गर्दी नव्हती. पाळण्याच्या रंगीत पेट्या बहुतेक रिकाम्याच फिरत होत्या आणि पलीकडे समुद्र जस्ताच्या पत्र्यासारखा पडला होता. तिने आधी स्वतःला सांगितलं की माणूस चुकत असेल. पण सोहागचे, भूगोलाचे, बिनसाखरेचा चहा, आणि हे कपाळ. मग तिने सांगितलं की नूसा म्हणजे आईच असेल. पण हे आधीच्यापेक्षाही अशक्य होतं. वडिलांनी आईला नावाने हाक मारलेली तिने जन्मात ऐकली नव्हती. घरात ‘शहीराची आई’ आणि बाहेर दोन टाळ्या. बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात ते गर्दीत आईला हरवायचे आणि दोन टाळ्या वाजवायचे, कोरड्या, फळा पुसल्यावर हात झटकावेत तशा, आणि आई कुठूनतरी यायची. बायकोचं नाव परक्यांच्या कानावर पडणं त्यांना अंगावरचा कपडा सरकल्यासारखं वाटायचं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, घरची मंडळी. शहीरा शाळेत असताना वर्गातल्या मुलांना तिच्या आईचं नाव कळलं, तेव्हा आठवडाभर ते नाव घेऊन मुलं तिच्या मागे ओरडली. घरी ती रडली, तर वडील म्हणाले, बघितलंस? म्हणूनच सांगतो. मरणानंतर वर्तमानपत्रात जी बातमी दिली तिच्यातही आईचं नाव नव्हतं. शहीरानेच तो मजकूर लिहिला होता. लिहिताना हात एकदा थांबला, आणि मग तिने ‘शहीराची आई’ असं लिहिलं, कारण त्यांना तेच आवडलं असतं. आता तो माणूस इथे, ढोलताशे आणि पिपाण्यांच्या मध्ये, खांबाला टेकून, भर दिवसा बाईच्या नावाने ओरडत होता म्हणे. आणि नाव तरी कसलं? नूसा. लाडात आलेल्या मांजराचं असावं तसं. भूगोलाच्या मास्तरांच्या बायकोचं नाव नूसा नसतं. नूसा ती, जिला मास्तरांनी कैरोपासून दूर आणलेलं असतं.

संशय एकदा आत आला की पाहुण्यासारखा बसत नाही, घरातल्या वस्तू हलवायला लागतो. तिला वडिलांचे सुएझचे दौरे आठवले. दर वर्षी याच दिवसांत, शाळा लागल्या की, ते चारपाच दिवस सुएझला जायचे. तिथल्या शाळांची तपासणी असते असं सांगायचे. निवृत्त झाल्यावरही जायचे. जुन्या माणसाला बोलावतात, माझ्यासारखे नकाशे आता कुणाला येतात, असं म्हणायचे, आणि तिने कधी विचारलं नव्हतं की निवृत्त मास्तराला तपासणीला कोण बोलावतं. सुएझहून झुमुरुदा तासाभराच्या अंतरावर होतं. त्या दिवसांत आई झगाझीगला मावशीकडे जायची, एकटीला घरात करमत नाही म्हणून. परत यायची ती ओढलेली, गप्प, डोळे लाल. मावशीकडून कुणीही रिकाम्या हाताने परत येत नसे, पण आई काही आणायची नाही, आणि शहीराला वाटायचं, बहिणींचं जमत नसेल. आता त्या लाल डोळ्यांचा अर्थ तिच्यापुढे उभा राहिला. आईला माहीत होतं. आई दर वर्षी झगाझीगला जाऊन रडायची. आणि वडील दर वर्षी सुएझहून यायचे ते नाकावरची कातडी सोललेली घेऊन. तपासणीला गेलेल्या माणसाचं नाक उन्हाने कसं सोलतं? एकदा त्यांच्या कोटाच्या खिशात तिला साखरेच्या कापसाची काडी सापडली होती. तिने ती दाखवली तर ते म्हणाले, पोरांनी टाकली असेल. कुठल्या पोरांनी, हेही तिने विचारलं नव्हतं. मिशीला कलप लावायचे तो याच दिवसांत. तिच्या लक्षात आलं की आपण पुरावे मांडतो आहोत आणि मांडताना आपल्याला आतून एक घाणेरडं समाधान मिळतं आहे. चाळीस दिवस ज्या माणसासाठी ती रडली तो तिच्या हातातून हात काढून दूर जाऊन उभा राहिला होता, आणि त्याची पाठ तिला ओळखू येत नव्हती. आणि कैरोत, पडदे ओढलेल्या घरात, आई काळी वस्त्रं घालून त्याच्यासाठी बसली होती. विधवेच्या रीतीप्रमाणे चार महिने दहा दिवस बसणार होती. कुणासाठी?

“कडू आहे का?” हाझिम मागे उभा होता. पायात नव्या चपला आणि डोक्यावर खोलीत फुकट मिळालेली हिरवी टोपी. “तुझं तोंड बघून चहाला वाईट वाटेल.”

“गार झाला.”

“दुसरा घेऊ. या बागेत आपण दोघंच बिनपोरांची माणसं आहोत, शूशू, आपल्याला सगळे घाबरून पटकन देतात.”

ते खरं होतं. सकाळपासून प्रत्येकाने विचारलं होतं, मुलं कुठे आहेत. स्वागतकक्षातल्या मुलीने दोघांच्या मनगटावर कागदी पट्टे बांधताना तिसऱ्या पट्ट्यासाठी मागे पाहिलं होतं. हुदहुद पक्ष्याचा मोठा मऊ पोशाख घातलेला माणूस नाचत आला, त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर कुणी नाही हे पाहून गोंधळला आणि शेवटी हाझिमलाच मिठी मारून गेला. मुलीला, लुजैनला, शहीराच्या आईपाशी ठेवून इथे येणं ही हाझिमची कल्पना. चाळिसावा झाला, आता चार दिवस फक्त आपण दोघं, असं तो म्हणाला होता, आणि नकार द्यायला लागणारी शक्ती तिच्याजवळ नव्हती. पण आता तिला तो सगळा प्रसंग पुन्हा दिसला. समुद्रकिनारे इतके असताना हीच जागा का? दोन माणसांना निवांतपणा हवा तर कुणी पोरांच्या जत्रेत येतं का? तिने विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला, कुणीतरी सुचवलं. कोण ते बोलला नाही. आणि परवा रात्री घरी ती खोलीत आल्यावर त्याने फोन पालथा ठेवला होता.

पार्कातून वळणं घेत वाहणाऱ्या उथळ पाण्यात ते दोघांच्या टायरवर बसले. पाणीच पुढे नेत होतं, काही करायचं नव्हतं. पुढच्या टायरवर एक बाई लेकराच्या नाकाला मलम लावत होती. हाझिमने शहीराच्या पाठीमागे हात टाकला. त्याचा हात तिला नेहमी आवडायचा, रुंद, यंत्राच्या तेलाने नखांच्या कडा काळ्या राहिलेला. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. आज तो हात तिच्या खांद्यावर होता आणि तिला वाटलं, खांदे सगळे सारखेच लागत असतील हाताला.

“तू इथे आधी आला होतास?”

“एकदा. इथली लिफ्ट आमची आहे.”

“कुणाबरोबर?”

“दोन कारागीर आणि वंगणाचा डबा. खरं सांगू का, डब्यावर माझा जीव होता.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “काय झालंय?”

“काही नाही.”

“तुझं काही नाही मी तेरा वर्षं ऐकतोय. हे त्यातलं नाही.”

समोरच्या वळणावर झाडाच्या प्लास्टिकच्या खोडातून पाणी अंगावर पडायचं आणि सगळे तिथे ओरडायचे. ते दोघंही भिजले, कुणी ओरडलं नाही. वडीलही इथे, या पाण्यात, अशाच टायरवर बसले असतील का? ती कोट आणि पट्ट्याची विजार सोडून वडिलांची कल्पना करू शकत नव्हती. पण टायरवरची बाई मात्र तिला लगेच दिसली. गुबगुबीत, केसांना मेंदी, नखं रंगवलेली, सारखी हसणारी, आणि तिचं हसणं पाण्यावरून दूरवर जाणारं. नूसा तिला तिच्या आईपेक्षा स्पष्ट दिसत होती. याचं तिला नवल वाटलं आणि थोडी भीती. माणसाला आपल्या आईचा चेहरा डोळे मिटून आणता येत नाही आणि कधी न पाहिलेल्या बाईची नखंसुद्धा दिसतात. ती बाई आता कुठे असेल? तिला कुणी कळवलं असेल का? का तीही कुठल्यातरी घरात, हक्क नसताना, काळं नेसून बसली असेल? या विचाराने तिला पहिल्यांदा रडू आलं. ते नूसासाठी होतं, आणि म्हणून तिला स्वतःचीच चीड आली.

खोलीवर पलंगाच्या मधोमध टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते आणि भोवती कागदी पाकळ्या होत्या. हाझिम अंघोळीला गेला. त्याचा फोन उशीशी पालथा होता. तिने तो उलटा केला नाही. काही वेळ तिने त्याच्याकडे फक्त पाहिलं, मग एका हंसाला बाजूला करून तिथे बसली आणि स्वतःच्या फोनवरून घरी फोन लावला. उन्हं कलत होती; कैरोत याच वेळी आई बाल्कनीत तुळशीसारख्या त्या पुदिन्याच्या कुंडीला पाणी घालायची, हातातलं काम टाकून फोनकडे यायला तिला वेळ लागायचा. फोन लुजैनने घेतला.

“मम्मा, आजीने मला डाळ-भाताची कोशरी दिली आणि कांदे वेगळे काढून दिले. तू काढत नाहीस.”

“आजी कुठे आहे?”

“बाहेर. झाडांशी बोलतेय. हाक मारू?”

“नको. फोन मोठ्या आवाजात कर आणि दाराकडे धर.”

हे आपण का करतो आहोत ते तिला नीट माहीत होतं. आईला सरळ विचारलं असतं तर आई म्हणाली असती, झोप नीट झाली नाही का तुझी. आईला लपवायची सवय होती. पण नाव अचानक कानावर पडलं तर माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यावरून कळतं. आई थांबली तर तिला माहीत होतं. थांबली नाही, कोण म्हणून विचारलं, तर माहीत नव्हतं, आणि मग शहीरा हे ओझं एकटी वाहणार होती. सापळा लावावा तसं तिने ते नाव तोंडात धरलं. त्याची चव चमत्कारिक होती. न्हाणीघरात पाणी पडत होतं. तिने आवाज चढवला आणि टपरीवाल्याने काढला होता तसाच लांब सूर काढला.

“नूसाऽ!”

“आले हो, आले,” आई म्हणाली.

लांबून, बाल्कनीतून, पण स्वच्छ. एक क्षणही मध्ये गेला नव्हता. आवाज आईचाच होता, तरी शहीराने तो कधी ऐकलेला नव्हता. त्यात एक उडी होती. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी गाळतात तशी.

मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही.

“आजी, नूसा कोण?” लुजैन विचारत होती. “आजी, तू का बसलीस?”

“फोन दे इकडे,” आई म्हणाली. “आणि जा, आत जाऊन टीव्ही बघ.” दार लागलं. “कुणी सांगितलं तुला हे?”

“चहावाल्याने.”

“सलामा? आहे अजून तो?” आणि मग, “मला वाटलं तुझ्या बाबांनीच… असो. वय झालं.”

“आई, तू झगाझीगला जायचीस ना?”

“मावशीला विचार. ती दहा वर्षं माझ्यासाठी खोटं बोलली. त्याबद्दल ती दर वेळी एक बांगडी मागायची.” आईच्या आवाजात हसू यायचा प्रयत्न करत होतं आणि जमत नव्हतं. “तू विचारशील, का लपवलं. पोरांच्या बागेत म्हातारा म्हातारी जातात हे कुणाला सांगायचं? तुझ्या सासरी? पहिल्यांदा खरंच चुकून गेलो होतो. सुएझहून येताना बस बिघडली, समोर हा पाळणा. मी म्हटलं, मला वर जायचंय. मी आयुष्यात त्यांच्याकडे दुसरं काही मागितलं नाही.”

“आणि बाबा?”

“ते खाली. उंचीची भीती होती त्यांना, तुला माहीत नव्हतं? बाल्कनीत कधी कठड्याशी आले का ते? सगळ्या जगाचे डोंगर फळ्यावर काढायचे आणि स्टुलावर चढायचं तर मला बोलवायचे. मी पिवळ्या पेटीत बसले. खाली वाकून बघते तर ते टाळ्या वाजवत होते. दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. वर गेल्यावर टाळी ऐकू येत नाही, शहीरा. वारा असतो. मग ते ओरडायला लागले. माझं नाव चारचौघांत कसं घेणार? तोंडाला आलं ते ओरडले.”

“नूसा.”

“नूसा. मी आधी ओ दिली नाही. मलाच वाटलं, ही कोण बाई? वरून सगळ्या बागेत शोधलं मी तिला. खाली आल्यावर दोन तास बोलले नाही. मग दर वर्षी तीच जायची. मी नाही. घरी मी तुझी आई होते.”

शहीराला काहीतरी विचारायचं होतं, पण आईचं हे बोलणं दुःख आहे की तक्रार हे तिला कळेना. तिच्या डोक्यातली मेंदी लावलेली बाई हळूहळू उठून निघून गेली होती, आणि तिच्या जागी जे दोघं बसले होते त्यांना ती तिच्याहूनही कमी ओळखत होती. त्यांनी एक आख्खी जागा तिच्यापासून वेगळी ठेवली होती. तिथे शहीरा नव्हती. तिथे तिचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं.

“डोळे लाल असायचे तुझे, परत आल्यावर.”

“वाऱ्याने. चष्मा काढून बसायचे मी वर.” मग आई म्हणाली, “हाझिमवर रागावू नकोस. त्याला मीच सांगितलं तिथे घेऊन जा म्हणून. रोज फोन करून विचारत होता बिचारा, ती जेवत नाही, काय करू. म्हटलं, मला अजून तीन महिने उंबऱ्याबाहेर पडता येणार नाही, तू तरी बघून येशील. सगळं आहे का तिथे. नाव कळेल असं वाटलं नव्हतं मला.”

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. उशीशी पालथा पडलेला फोन तसाच होता.

“पिवळी पेटी आहे का गं अजून?” आईने विचारलं.

“आहे.”

“बसलीस?”

“नाही.”

“मग बस जा. आणि सलामाला सांग, नूसाने सलाम सांगितलाय. माझं नाव नको सांगूस.”

शहीरा खाली आली तेव्हा पाळण्याचे दिवे नुकतेच लावले होते. अजून उजेड होता, म्हणून ते लागल्यासारखे वाटत नव्हते. टपरीशी गर्दी नव्हती. सलामा पुदिन्याची पानं निवडत होता. ती खांबाशी उभी राहिली. खांबाचा रंग एका जागी, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, गेलेला होता. तो कुणाच्याही खांद्याने गेलेला असू शकत होता.

“मघाशी मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “बाबा गेले. उन्हाळ्यात.”

सलामाचे हात थांबले. त्याने नेहमीचे शब्द म्हटले, जे सगळे म्हणतात, आणि त्यांनी तिचे कान दुखले नाहीत. “आणि मॅडम?” त्याने हलकेच विचारलं.

“नूसाने तुम्हाला सलाम सांगितलाय.”

त्याने मान हलवली. मग पानं बाजूला सारून एक पेला धुतला, बिनसाखरेचा चहा ओतला, आणि तो तिला न देता खांबाशेजारच्या फळीवर ठेवला.

हाझिम पाळण्याच्या फाटकाशी तिकिटं घेऊन उभा होता, ओले केस, ती हिरवी टोपी. तिने त्याच्या हातातलं एकच तिकीट घेतलं आणि म्हणाली, “तू खाली थांब.” त्याने का ते विचारलं नाही. पिवळ्या पेटीचं दार लावणाऱ्याने तिच्या मागे पाहिलं आणि विचारलं, मुलं नाहीत का? ती नाही म्हणाली. पेटी हलली, मागे झुकली आणि जमीन सुटली. टपरीचं छप्पर दिसलं, मग वळणाचं पाणी, हुदहुदचा पोशाख काढून सिगारेट ओढत बसलेला घामेजला माणूस, मग समुद्र. वारा खरंच होता. त्याने डोळ्यांत पाणी आणलं. वरच्या टोकाला पाळणा थांबला, खाली कुणीतरी चढत असावं. तिने वाकून पाहिलं. हाझिम खांबाशी येऊन उभा होता आणि दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, भर बागेत, सगळ्या लोकांत, तिचं खरं नाव.

“शहीराऽ!”

खाली बरीच डोकी वळली. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आणि प्रत्येक वेळी तो रस्त्यात तिला अशी हाक मारायचा तेव्हा ती आधी आजूबाजूला पाहायची, कुणी ऐकलं, कुणाच्या कानावर पडलं. पेटी थोडी डुलली. कुणी ऐकलं ते तिने पाहिलं नाही. ती कठड्यावर पुढे झुकली आणि तिने ओ दिली.